आधी छप्पर, मग पंखा



होळी पेटली की आपल्या तापीच्या खोऱ्यात उन्हाळ्याची वर्दी लागते. तुकईथड, खकनार आणि बऱ्हाणपूरच्या बाजूला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो हे आपणांस सांगायला नको. पूर्वीच्या घरांना मातीच्या जाड भिंती असत. वर धाबे किंवा कवेलू असे. ती घरे दुपारी सुसह्य असत. आज गावात फेरफटका मारला तर बहुतेक छपरांवर पत्रेच दिसतात.

पत्रे घालणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. कवेलू माकडे फोडतात, ती दर वर्षी फेरावी लागतात आणि ती घडवणारे कुंभारही आता कमी झाले. पत्रा एका दिवसात बसतो आणि पावसात गळत नाही. पण त्याच पत्र्याखाली दुपारी २ वाजता बाळंतीण, तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेली आजी कशी राहत असेल, याचा विचार आपण किती वेळा करतो?

घर तापले की आपण पहिली धाव पंख्याकडे घेतो. पंख्याने भागले नाही की कूलर येतो आणि हाती चार पैसे असले की हप्त्यावर एसी येतो. कापूस विकून पैसे हाती येण्याच्या आधीच हप्ता आणि विजेचे बिल दारात उभे राहतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा क्रम उलटा आहे. जी उष्णता थोड्या खर्चात छपरावरच अडवता येते, ती आधी घरात येऊ द्यायची आणि मग पैसे मोजून बाहेर काढायची, हा तोट्याचा व्यवहार आहे. घर पाडून नवे बांधण्याचीही गरज नाही. आहे त्याच घरात, बेताच्या खर्चात काय करता येते, ते ह्या लेखात पाहू.

उष्णता येते कोठून?

भर दुपारी, निरभ्र आकाश असताना, एक चौरस मीटर जागेवर सूर्याची साधारण १००० वॉट उष्णता पडते. समजा आपल्या खोलीवर २० फूट लांब व १२ फूट रुंद छप्पर आहे, म्हणजे सुमारे २२ चौरस मीटर. विजेच्या एक हजार वॉटच्या २२ शेगड्या एकदम पेटवाव्यात एवढी उष्णता त्या छपरावर पडत असते.

जुना गंजलेला पत्रा ह्यातली बहुतेक उष्णता पिऊन घेतो. त्याचे तापमान ६० अंशांच्या वर जाते आणि तो खालच्या माणसांवर तशीच उष्णता फेकू लागतो, जसा चुलीवरचा तापलेला तवा हात न लावताही भाजतो. म्हणूनच पत्र्याच्या घरात सावली असूनही डोक्याला चटका बसतो, आणि वरचा पंखा तीच तापलेली हवा खाली ढकलतो. नवा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण तापल्यावर आपली उष्णता लवकर सोडत नाही, त्यामुळे तोही तापतोच. पांढरा रंग मात्र दोन्ही कामे करतो. तो ऊन परतवतो आणि साठलेली उष्णता आकाशाकडे सोडूनही देतो.

स्लॅबच्या घराचे दुखणे थोडे निराळे. स्लॅब हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो. दुपारी त्याखाली बरे वाटते, पण दिवसभराची उष्णता तो रात्री ११–१२ वाजेपर्यंत खाली सोडत राहतो आणि झोप लागत नाही.

शहाण्यांनी कोणता क्रम धरला?

हा विचार केवळ गरिबाच्या घराचा आहे असे कोणी समजू नये. न्यूयॉर्कची १०२ मजली एम्पायर स्टेट इमारत १९३१ साली उभी राहिली. २०१० च्या सुमारास तिची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा मालकांनी आधी तिच्या ६५१४ खिडक्या हाती घेतल्या. जुनी काच फेकून दिली नाही. इमारतीच्याच एका मजल्यावर कारखाना मांडून त्याच काचांच्या मध्ये पातळ पडदा बसवून खिडक्या पुन्हा तयार केल्या. तेथे हिवाळ्यात खोली तापवणारी यंत्रे भिंतीला लागून असतात. त्यांच्या मागे उष्णता परतवणारा पत्रा लावला. अशा रीतीने गरजच कमी झाल्यामुळे गारवा देणारी मोठी यंत्रे नवी घ्यावी लागली नाहीत, जुनीच सुधारून चालली. आपल्या मुंबईतही १९७२ साली बांधलेल्या गोदरेज भवनाची २०१० साली अशीच सुधारणा झाली आणि विजेचा खर्च घटला.

जवळचे उदाहरण वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे. १९३६ साली तेथे गांधीजींसाठी माती, बांबू आणि कवेलू वापरून स्थानिक कारागिरांकडून घर बांधून घेतले गेले. वर्ध्याचा उन्हाळा आपल्यापेक्षा सौम्य नाही. तरीही जाड भिंती, पुढे आलेले छप्पर आणि खेळती हवा यांच्या जोरावर तेथे विजेशिवाय माणसे राहिली व कामे करीत राहिली.

अहमदाबादेचा धडा मात्र दुःखाचा आहे. २०१० च्या मे महिन्यात तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरांना चुना व पांढरा रंग देण्याचे काम हाती घेतले. तेलंगण राज्याने तर २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. अशा छपरांखाली साधारण २ ते ५ अंशांपर्यंत फरक पडतो असा अनुभव आहे. ४२ अंशांची खोली ३८ वर आली तर म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला तो फरक लहान नाही.

पहिले काम : छप्पर पांढरे करणे

स्लॅब असल्यास चुना उत्तम आणि सर्वांत स्वस्त. स्लॅब झाडून धुऊन घ्यावा. भेगा असल्यास आधी बुजवाव्यात. चुना रात्रभर भिजवून, गाळून, ताकासारखा पातळ करावा, त्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल घालावे आणि दोन-तीन हात द्यावेत. पावसाळ्यात हा चुना धुऊन जातो, म्हणून दर वर्षी होळीच्या आधी हे काम करावे. ज्यांना एकदाच खर्च करणे परवडते त्यांनी पांढऱ्या फुटक्या लाद्यांचे तुकडे गिलाव्यात बसवून घ्यावेत. गच्चीवरचे पाणी साठवत असाल तर चुन्यानंतरच्या पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे.

कळीचा चुना भिजवताना तो उसळतो व कढतो. नेहमी पाण्यात थोडा थोडा चुना टाकावा. चुन्यावर पाणी ओतू नये. मुलांना दूर ठेवावे. डोळ्यांवर चष्मा बांधावा. चुना डोळ्यात गेलाच तर चोळू नये, किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा धुवावा आणि तसेच दवाखान्यात जावे.

लोखंडी पत्र्यावर चुना लावू नये. तो नीट धरत नाही आणि पत्र्यावरच्या जस्ताच्या मुलाम्यालाही खातो. त्यासाठी बाहेरच्या कामाचा पांढरा रंग घ्यावा, उष्णता परतवणारा म्हणून मिळतो तो असल्यास अधिक चांगला. गंज ब्रशने काढावा, साबणाने पत्रा धुवावा, वाळल्यावर प्रायमरचा एक हात आणि मग रंगाचे दोन हात द्यावेत. काम सकाळी लवकर करावे. तापल्या पत्र्यावर रंग धरत नाही. पुढे दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी पत्रा नुसता धुतला तरी त्याचा पांढरेपणा टिकतो, कारण धुळीचा थर बसला की निम्मा फायदा निघून जातो.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर विशेष सावध राहावे. त्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते कोरडे घासले, कापले किंवा फोडले की त्याचे बारीक तंतू उडून फुप्फुसात जातात आणि अनेक वर्षांनी असाध्य रोग करतात. असे पत्रे घासू नयेत. ते हलकेच ओले करून, वाळल्यावर वरून रंग द्यावा. हे पत्रे माणसाच्या वजनाने एकाएकी फुटतात, म्हणून त्यांवर थेट पाय कधीही ठेवू नये. खालच्या बल्ल्यांवर येईल अशी जाड फळी आडवी टाकून तिच्यावरून काम करावे. छपराजवळून विजेची तार जात असेल तर काम करण्यापूर्वी वायरमनला बोलवावे.

दुसरे काम : आतले छत

पत्र्याच्या खाली बांबूच्या तट्ट्यांचे छत बांधले तर पत्र्याची उष्णता थेट अंगावर पडत नाही. मेळघाटच्या कडेला राहणाऱ्या आपल्या भागात बांबूचे काम जाणणारी माणसे अजून आहेत. पत्रा आणि तट्टा यांत निदान वीतभर जागा मोकळी सोडावी आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांच्या भिंतींत झरोके ठेवावेत, म्हणजे तापलेली हवा बाहेर पडेल. झरोक्यांना बारीक जाळी लावावी. नाहीतर उंदीर येतील आणि त्यांच्यामागे साप येईल. तट्ट्याला खालून माती-शेणाचा हात दिला तर ठिणगीचे भय कमी होते. विजेच्या तारा तट्ट्याला टेकू न देता नळीतून न्याव्यात.

ह्या छताचा आणखी एक लाभ आहे. हिवाळ्यात पहाटे उघडा पत्रा गार पडतो आणि घराची ऊब उडून जाते. आतले छत ती ऊबही राखते.

दोन गोष्टी टाळाव्यात. थर्मोकोल स्वस्त मिळते म्हणून चुलीच्या घरात लावू नये. ते पेटते आणि त्याचा धूर विषारी असतो. दुसरे, छपरावर पऱ्हाटी रचून ठेवू नये. ती आगीला निमंत्रण तर आहेच, शिवाय पऱ्हाटीला राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात आपल्याच कपाशीवर उतरते. छपरावर आच्छादन हवेच असेल तर पुढचे काम वाचावे.

तिसरे काम : सावली

केळीची रोपवाटिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना हिरवी जाळी नवी नाही. तीच जाळी छपरापासून एक-दोन फूट वर, तारांवर ताणून बांधली तर ऊन छपरावर पोचण्याआधीच अडते. मधली जागा मोकळी हवी. जाळी पत्र्याला चिकटली तर उपयोग कमी होतो. आपल्याकडे मे-जूनमध्ये केळी आडवी करणारी वादळे येतात हे ध्यानात ठेवून जाळी चारी बाजूंनी पक्की बांधावी आणि आभाळ भरू लागले की उतरवून ठेवावी.

पश्चिमेची भिंत दुपारनंतर सर्वांत अधिक तापते. तिच्या बाहेर मांडव करून दोडका, वाल किंवा कारल्याचा वेल चढवावा. मोरीचे सांडपाणी त्याला पुरते. त्याच बाजूला थोड्या अंतरावर कडुनिंब लावावा. पाच-सात वर्षांत तो जे काम करू लागेल ते कोणतेही यंत्र फुकट करीत नाही.

चौथे काम : वारा

उन्हाळ्यात दिवसभर दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवण्याची सवय आपल्याला आहे. मातीच्या किंवा विटांच्या घरात हे उलटे करावे. सकाळी ९ च्या सुमारास उन्हाच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्याव्यात आणि सूर्य मावळल्यावर सर्व उघडाव्यात, म्हणजे रात्रीची गार हवा भिंतींना निववते. गरम हवा वर जाते, म्हणून खाली खिडकी आणि आढ्याजवळ झरोका अशी जोडी असली की वारा आपोआप खेळतो. जुन्या घरांत झरोके उगीच नव्हते. गवंड्याला सांगून भिंतीतल्या चार विटा काढून जाळी बसवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. जाळी मात्र डासांची बारीक असावी, नाहीतर उकाड्याच्या बदली हिवताप घरात येईल.

शक्य असेल त्यांनी उन्हाळ्यापुरती चूल ओसरीवर किंवा मागच्या छपरीत न्यावी. उष्णता आणि धूर दोन्ही घराबाहेर राहतील आणि घरातल्या बाईचे डोळे व छाती वाचतील.

पाचवे काम : पंखा आणि दिवा

एवढे झाल्यावर विजेकडे वळावे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट वीज घेतो. आता बीएलडीसी नावाचे पंखे मिळतात, ते तेवढ्याच वाऱ्याला सुमारे ३० वॉट घेतात. एक पंखा रोज १४ तास चालला तर दिवसाला ०.६३ युनिट वाचते. घरात असे दोन पंखे असतील तर महिन्याला सुमारे ३८ युनिटे, आणि मार्च ते ऑक्टोबर ह्या आठ महिन्यांत ३०० युनिटे. युनिटचा दर ७ रुपये धरला तर वर्षाला २१०० रुपये झाले. दोन पंख्यांना सहा-सात हजार रुपये लागले तर साधारण तीन वर्षांत पैसे फिटतात. आपला दर बिलावर पाहून हाच गुणाकार घरच्या मुलाकडून करून घ्यावा. ज्यांना ठरावीक युनिटांच्या आतच सवलत मिळते, त्यांना ह्या ३८ युनिटांचे मोल अधिकच आहे.

सगळे पंखे एकदम बदलू नयेत. जो सर्वांत जास्त फिरतो तो आधी बदलावा. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे आहे. तारे अधिक, तेवढी वीज कमी. ६० वॉटचा पिवळा बल्ब कोठे उरला असेल तर ९ वॉटचा एलईडी लावावा. जुना बल्ब उजेडापेक्षा उष्णताच अधिक देतो.

शेवटी यंत्र

आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर चांगले काम करतो आणि एसीच्या मानाने फारच थोडी वीज घेतो. पण त्याची ओली हवा बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो. त्याचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून वाळवावी, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो.

दीड टनाचा एसी चालू असताना दीड हजार वॉटच्या आसपास वीज ओढतो. उघड्या पत्र्याखाली तो लावणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. दवापाण्यासाठी किंवा आजाऱ्यासाठी एसी घ्यावाच लागला, तर आधी छप्पर पांढरे करून आतले छत बांधावे. मग लहान यंत्रातही भागेल.

प्रकृतीविषयी

हवा शरीरापेक्षा गरम झाली की पंखा गारवा देण्याऐवजी अंगावर उष्णता फेकू लागतो. पारा ४० अंशांच्या वर असताना नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नये. अंग ओल्या फडक्याने पुसावे, वरचेवर पाणी प्यावे आणि आजी-आजोबांना दुपारी झाडाखाली किंवा मातीच्या खोलीत न्यावे. म्हाताऱ्यांना तहान लागल्याचे लवकर कळत नाही आणि तान्ह्याला सांगता येत नाही. त्यांना विचारण्याची वाट पाहू नये.

अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, झोकांड्या किंवा झटके, अशी लक्षणे दिसली तर तो उष्माघात समजावा. त्या माणसाला लगेच सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

सुरुवात कशी करावी?

सर्व घर एकदम करायला जाऊ नये. ज्या खोलीत म्हातारे माणूस किंवा लहान मूल झोपते ती एकच खोली निवडावी. एक साधा तापमापक आणून खाटेच्या उंचीवर टांगावा आणि आठ दिवस दुपारी ३ वाजता व रात्री ९ वाजता आकडा वहीत लिहावा. मग छप्पर पांढरे करावे आणि पुन्हा आठ दिवस लिहावे. त्या दिवसांतले बाहेरचे तापमानही शेजारी टिपावे, म्हणजे तुलना खरी होईल. आमच्या किंवा दुकानदाराच्या सांगण्यावर न जाता आपल्या वहीवर विश्वास ठेवावा. आतले छत बांधायचे की नाही हे वहीच सांगेल.

रंगाचा डबा एकट्याने घेण्यापेक्षा आळीतील चार घरांनी मिळून घेतला तर स्वस्त पडतो. पेरणीला आपण इर्जिक करतो, तशीच एक इर्जिक छपरांचीही व्हावी. त्या चार घरांत पाचवे घर त्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे असावे, जिला शिडी चढता येत नाही आणि जी मागायला येणार नाही. तिचे छप्पर सगळ्यांच्या आधी पांढरे करावे.